दवंडीपासून संकेतस्थळापर्यंत : राज्याचा शब्द कोणाला कळतो?



राज्य कोणाचे, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत पानोपानी विचारलेला आढळतो. राज्याचा शब्द कोणाला कळतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः सामान्य माणसाच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच अधिक निकडीचा आहे. गादीवर निजाम आहे की कंपनी सरकार, ह्यापेक्षा यंदाचा सारा किती, तो भरण्याची मुदत कोणती, दुष्काळात सूट मिळणार की नाही, हे त्याला कळायला हवे असते. जे त्याला कळले नाही, ते त्याच्यापुरते झालेच नाही. मुदत निघून गेली की मग त्याच्या नशिबी उरते ती फक्त चावडीची पायरी.

आज आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाकडे ह्याच एका खिडकीतून पाहण्याचा माझा विचार आहे. त्यातही, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, हात किंवा बोटे हवी तशी चालत नाहीत, अशा आपल्याच बांधवांना राज्याचा शब्द आजवर कसा पोचला आणि आता जिल्ह्याचे दफ्तर कागदावरून उठून संकेतस्थळावर जाऊन बसल्यावर तो कसा पोचायला हवा, एवढाच आजचा विषय आहे. विषय यंत्राचा वाटेल, पण तो मुळात नागरिकत्वाचा आहे.

आरंभ दवंडीपासून करू. गावकामगार हलगी घेऊन निघे, चौकाचौकांत थांबून हलगीवर थाप मारी आणि सरकारचा हुकूम मोठ्याने सांगे. ह्या पद्धतीत राज्याचा शब्द म्हणजे आवाज होता. आंधळ्या माणसाला तो डोळसाइतकाच कळे, कारण निरक्षर डोळस आणि आंधळा ह्यांच्यात त्या क्षणापुरता काहीच भेद नसे. बहिरा मात्र वगळला जाई. शिवाय जो शेतात किंवा परगावी असेल, जी स्त्री माजघरात असेल, तिलाही शब्द दुसऱ्याच्या तोंडूनच मिळे. आवाजाचा गुण असा की तो सर्वांच्या कानी पडतो, आणि दोष असा की तो विरून जातो. दुसऱ्या दिवशी कोणी विचारले की मुदत नक्की कोणती सांगितली, तर दाखवायला हाती काही नसे.

आपल्या भागात राज्यकर्ते पुष्कळदा बदलले. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेशही इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. ग्रंथकार म्हणून नावाजलेला मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गास अधिकारी म्हणून होता. १८६० मध्ये हा प्रदेश पुन्हा निजामाकडे परत गेला. मालक गेले, मालक आले, पण खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने सरकार म्हणजे हलगी आणि पाटील-कुलकर्णी. फरक पडला तो दफ्तरात. आवाजाच्या जागी जसजसा कागद आला, तसतसे राज्याच्या शब्दाला एक घर मिळाले आणि त्या घराला एक कुलूपही लागले.

हे कुलूप होते भाषेचे आणि लिपीचे. हैदराबाद संस्थानात आधी फारसी आणि १८८४ पासून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. मराठी नोंदी असल्या तर त्या बहुधा मोडी लिपीत. धाराशिवकडच्या शेतकऱ्याचे घर मराठी, शिवी मराठी, ओवी मराठी, पण त्याच्या स्वतःच्या जमिनीचा कागद त्याला वाचता येत नसे. तो कागद त्याच्याच पेटीत, त्याच्याच पागोट्यात बांधलेला, आणि वाचायला मात्र दुसरा कोणीतरी हवा. मग पटवारी आला, अर्जनवीस आला, वकिलाचा कारकून आला. ह्या मध्यस्थांत सज्जन पुष्कळ होते, ह्यात शंका नाही. पण मध्यस्थ सज्जन असो वा लबाड, ज्याचा कागद दुसरा वाचतो त्याचे गुपित उरत नाही आणि त्याची पतही दुसऱ्याच्या मर्जीवर राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण हीच परिस्थिती शंभर वर्षांनी निराळ्या वेशात पुन्हा येणार आहे.

ह्या कुलपाविरुद्ध ह्याच जिल्ह्यात झगडा झाला. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे शिक्षकाचे काम केले. मराठी मुलाला मराठीत ज्ञान मिळावे हा तिचा आग्रह होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभारात मराठीला कायद्याचे सिंहासन मिळाले. १९६२ च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. राज्याचा शब्द अखेर आपल्या भाषेत, आपल्या बाळबोध लिपीत, आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन बसला. कुलूप निघाले, असे सर्वांना वाटले.

ते निघाले खरे, पण डोळसांसाठी. कागदावरची शाई ही मुळात डोळ्यांची भाषा आहे. दवंडीने बहिऱ्याला वगळले होते, तर कागदाने आंधळ्याला वगळले. साक्षरता वाढत गेली तसा डोळस शेतकरी मध्यस्थाच्या हातून सुटला. आंधळा होता तेथेच राहिला, किंबहुना मागे पडला, कारण दवंडी बंद झाली आणि तिच्या जागी फळ्यावर चिकटवलेली नोटीस आली.

येथे क्षणभर थांबून अंधांच्या लिपीचा इतिहास पाहणे अवश्य आहे. लुई ब्रेल ह्या अंध फ्रेंच तरुणाने उठावाच्या सहा टिंबांची आपली पद्धत १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या देशात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अंधांच्या शाळा सुरू झाल्या, आणि पुण्याची अंधशाळा १९३४ ची. पण शाळा निघाल्या तरी अडचण निराळीच होती. देशात ब्रेलच्या एक नव्हे, अनेक परस्परविरोधी पद्धती चालत. एका शाळेतल्या मुलाला 'क' म्हणून जी टिंबे शिकवली, ती दुसऱ्या प्रांतात भलत्याच अक्षराची असत. पुस्तक एकाचे, बोटे दुसऱ्याची, आणि अर्थ कोणाचाच नाही, असा प्रकार. शेवटी युनेस्कोच्या पुढाकाराने १९५१ मध्ये बैरूतला परिषद भरली आणि भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही एक पद्धत ठरली. ह्या पद्धतीत मराठीचा 'क', बंगालीचा 'क' आणि तमिळचा 'क' ह्यांची टिंबे एकच. संकेत एक झाल्याखेरीज वाचन मोकळे होत नाही, हा धडा अंधांच्या चळवळीने असा सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच घालून दिला.

भारती ब्रेलने शाळेतली पुस्तके दिली, पण सरकारचा शब्द दिला नाही. तलाठ्याचा उतारा, तहसीलदाराची नोटीस, नगरपालिकेची कराची पावती ब्रेलमध्ये येण्याची रीत नव्हती. आणि ती येणार तरी कशी? एकेका माणसासाठी एकेक कागद उठावाच्या टिंबांनी पुन्हा छापायचा म्हणजे खर्च आणि वेळ. म्हणून अंध नागरिक शेजाऱ्याकडे जाई, पोस्टमनला विनवी, शाळकरी पोराला चार आणे देई, आणि आपली खाजगी गोष्ट त्याच्या तोंडून ऐके.

ही कोंडी फोडणारी गोष्ट अनपेक्षित दिशेने आली. ती म्हणजे संगणक. त्याचे मर्म थोडक्यात असे. कागदावर अक्षर म्हणजे शाईची आकृती, संगणकात अक्षर म्हणजे एक ठरलेला आकडा. आकृती फक्त डोळ्यांना कळते. आकड्याचे मात्र हवे ते करता येते. तो पडद्यावर अक्षर म्हणून दाखवा, चौपट मोठा करून दाखवा, यंत्राच्या तोंडून बोलून दाखवा, नाहीतर खालून वर येणाऱ्या टिंबांच्या पट्टीवर ब्रेल म्हणून बोटांखाली द्या, मजकूर एकच. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. १९८९ च्या सुमारास 'जॉज' ही अशी आज्ञावली अमेरिकेत निघाली. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह ह्या दोन अंध तरुणांच्या हातून 'एन. व्ही. डी. ए.' ही फुकट मिळणारी आज्ञावली उभी राहिली. आज ती मराठीही वाचते. साध्या मोबाइल फोनमध्येही अशी सोय असते.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. दवंडी कानांची, कागद डोळ्यांचा. मानवी इतिहासात प्रथमच असे साधन हाती आले आहे, की ज्यात एकदा लिहिलेला शब्द आंधळ्याला आवाज, बहिऱ्याला अक्षर, मंददृष्टीच्या म्हाताऱ्याला मोठे अक्षर आणि ज्याचे हात थरथरतात त्याला एका कळीवर चालणारे पान होऊ शकतो. मात्र, 'होऊ शकतो' आणि 'होतो' ह्यांत पुष्कळ अंतर आहे, आणि पुढचा सगळा इतिहास ह्या अंतराचाच आहे.

टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, तेव्हा तिचे स्वरूप मुख्यतः मजकुराचे होते. पुढे चित्रे, रंगीत फलक, हलणारे देखावे आले. ज्या जागी आधी अक्षरे होती तेथे अक्षरांची चित्रे आली, आणि चित्रापुढे स्क्रीन रीडर मुका झाला. म्हणून १९९७ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम काढला आणि ५ मे १९९९ रोजी पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ ची. तिचा गाभा चार शब्दांत सांगता येतो. मजकूर जाणवला पाहिजे, पान चालवता आले पाहिजे, ते समजले पाहिजे आणि निरनिराळ्या साधनांवर ते टिकले पाहिजे.

तत्त्वे कागदावर होती, त्यांना कायद्याचे दात आले ते सिडनीत. २००० च्या ऑलिंपिकचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर ह्या अंध नागरिकाने ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगापुढे केली. चित्रांना शब्दांचे वर्णन नाही आणि निकालांचे तक्ते यंत्राला उलगडत नाहीत, हे त्याचे म्हणणे. हे दुरुस्त करायला अफाट वेळ आणि पैसा लागेल, असा संयोजकांचा बचाव. तज्ज्ञांनी तो खोडून काढला. ऑगस्ट २००० मध्ये निकाल तक्रारदाराच्या बाजूने लागला, आणि आदेश पुरता पाळला नाही म्हणून पुढे वीस हजार डॉलरची भरपाई द्यावी लागली. संकेतस्थळ हीदेखील एक सार्वजनिक इमारत आहे आणि तिच्या दारात पायऱ्याच पायऱ्या ठेवणे हा अन्याय आहे, ही गोष्ट त्या निकालाने जगापुढे आली.

आता आपल्या देशाकडे वळू. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात रस्ते, इमारती आणि वाहने ह्यांचा विचार होता, संकेतस्थळांचा नव्हता, आणि त्या काळी तसा तो अपेक्षितही नव्हता. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूत्रे आली, आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची. ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झाले. पाठोपाठ २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. पूर्वी सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता होती, ती एकवीस प्रकारांना मिळाली, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती सुगम्य असावी असे कायद्याच्या कलमातच आले. २०१७ च्या नियमांनी तर बारकाईने सांगितले की संकेतस्थळावर ठेवायचा दस्तऐवज नुसते छायाचित्र नसावा, यंत्राला त्यातली अक्षरे ओळखता यावीत.

ह्याच सुमारास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी एक सामायिक साचा तयार केला. त्याच्या नावातच 'सुगम्य' हा शब्द आहे. आपल्या धाराशिवसह देशभरच्या जिल्ह्यांची संकेतस्थळे ह्या साच्यात उभी राहिली. अक्षर लहानमोठे करणे, रंगांचा विरोध वाढवणे, वरचा पसारा ओलांडून थेट मुख्य मजकुराशी जाणे, अशा सोयी त्या साच्यातच आल्या. म्हणजे प्रत्येक जिल्ह्याने आपापला वाडा बांधण्याऐवजी एकच चांगला नकाशा सर्वांना मिळाला. भारती ब्रेलने जे लिपीत केले तेच हे, आणि ते स्तुत्य आहे.

पण वाडा आणि वाड्यात ठेवलेले सामान ह्या दोन गोष्टी आहेत. साचा दिल्लीहून येतो, सामान धाराशिवात भरले जाते. भरतीची जाहिरात, लाभार्थ्यांची यादी, निविदा, टंचाईचा आदेश, नागरिकांची सनद हे सर्व जिल्ह्यातल्या कचेऱ्यांत तयार होते. आणि सरकारी कचेऱ्यांतली सर्वत्र रूढ असलेली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कारकून मजकूर संगणकावर टंकतो, तो कागदावर छापतो, साहेबांची सही आणि शिक्का घेतो, मग त्या कागदाचा फोटो काढावा तसा तो स्कॅन करतो आणि ते चित्र संकेतस्थळावर चढवतो. पहा कसा उलटा प्रवास झाला. जो मजकूर आधी आकड्यांचा होता, बोलू शकत होता, त्याची शाई केली, शाईचे चित्र केले आणि त्याला मुका करून पाठवला. डोळसाला फरक कळत नाही. अंधाचा स्क्रीन रीडर मात्र त्या पानावर पोचला की 'चित्र' एवढेच म्हणून गप्प बसतो.

दुसरा दोष फाँटांचा. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला युनिकोडच्या जागतिक संकेतात १९९१ पासून कायमचा आकडा आहे. त्याआधीच्या आणि नंतरही वर्षानुवर्षे चाललेल्या कित्येक फाँटांत मात्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीची आकृती बसवलेली असे. पडद्यावर दिसे 'क', पण संकेत इंग्रजी 'डी'चा. अशा फाँटातली नोटीस स्क्रीन रीडरला दिली की तो इंग्रजी अक्षरांची अर्थहीन खिचडी बडबडतो. एका फाँटाची अक्षरे दुसऱ्या फाँटात कळत नाहीत, हे तर ज्यांनी असे मजकूर हाताळले ते सर्व जाणतात. १९५१ पूर्वी ब्रेलच्या पद्धतींत जो गोंधळ होता, तो संगणकावर आपण जसाच्या तसा पुन्हा घातला.

आणि आता निजामी दफ्तराची आठवण करा. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दफ्तरे बाहेर आली आणि मोडी व उर्दू जाणणारे शोधावे लागले. आपल्याच पूर्वजांची नोंद, आणि ती वाचायला जाणकार हवा, ह्याचा त्रास काय असतो तो लाखो डोळस माणसांनी त्या दिवसांत अनुभवला. अंध नागरिक हा त्रास रोज सोसतो. त्याच्या दृष्टीने स्कॅन केलेली मराठी नोटीस ही मोडीच आहे. पटवारी आणि अर्जनवीस ह्यांच्या जागी आता सेवा केंद्रातला चालक आला, एवढाच बदल. आधार क्रमांक त्याला सांगायचा, बँकेचा खाते क्रमांक त्याला सांगायचा, फोनवर आलेला गुप्त आकडाही त्यालाच वाचायला द्यायचा. पुन्हा तेच, की मध्यस्थ सज्जन असला तरी गुपित उरत नाही.

न्यायालयांनी ह्या प्रश्नाचे गांभीर्य ओळखले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २०१७ च्या नियमांतला सुगम्यतेचा नियम नुसत्या शिफारशीच्या स्वरूपाचा आहे आणि मूळ कायद्याला तर सक्ती अभिप्रेत आहे. म्हणून तो नियम रद्द ठरवून सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत करावेत असा आदेश दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जीविताच्या हक्काचाच भाग मानला. त्या खटल्यातल्या अर्जदारांत ॲसिडहल्ल्याने डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्ती होत्या. डोळ्यांची उघडझाप करून 'मी जिवंत आहे' असे यंत्राला दाखवता न आल्याने त्यांची ओळख पटवली जात नव्हती. ह्याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. आमच्या जिल्ह्यात संकेतस्थळ वाचणारे अंध असे किती? नीती आयोगाने २०१८ मध्ये ज्याला आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे सरळ बोलायचे तर मागासलेल्या जिल्ह्यांत घातले, तेथे पाणी आणि रस्ते आधी की हे? ह्याला माझे उत्तर तीन प्रकारचे आहे.

पहिले संख्येचे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि तेव्हा आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर होती. आठही तालुक्यांत असे घर नसलेले गाव निघणे कठीण. शिवाय हा जिल्हा ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरू शकत नाही. लातूर आणि आपला जिल्हा मिळून सुमारे आठ हजार माणसे त्या भूकंपात गेली, आणि लोहारा-उमरगा भागात कित्येक जण ढिगाऱ्यातून निघाले ते जन्माचे अधू होऊन. अपंगत्व ही दुसऱ्याच्या घरची गोष्ट नाही, ती एका रात्रीत आपल्या घरी येते, हे ज्यांनी पाहिले ते आपणच आहोत. आणि जे भूकंपाने होत नाही ते म्हातारपणाने होते. मोतीबिंदू कोणाची जात विचारत नाही.

दुसरे उत्तर गरजेचे. पाणी आणि रस्ते आधी हवेत हे खरे, पण ज्याला फिरणे अवघड त्यालाच घरबसल्या मिळणाऱ्या माहितीची गरज सर्वांत अधिक. दिव्यांगत्वाच्या वैश्विक ओळखपत्राचा अर्ज, संजय गांधी निराधार योजना, स्थानिक संस्थांच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी, ह्या सर्व गोष्टी ज्याच्यासाठी आहेत त्यालाच जर त्यांची नोटीस वाचता येत नसेल, तर सरकारने हाताने दिले आणि कोपराने ढकलले असे होईल. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र खाते काढले. त्या खात्याचा शब्दसुद्धा शेवटी कोणत्यातरी संकेतस्थळाच्या पानातूनच परंड्याच्या किंवा वाशीच्या खेड्यात पोचायचा आहे.

तिसरे उत्तर खर्चाचे, आणि तेच सर्वांत सोपे. ह्याला बहुतेक खर्चच नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा. सहीचा कागद दफ्तरी ठेवावा आणि संकेतस्थळावर त्याची मूळ, अक्षरांची प्रत चढवावी. सहीची प्रतिमा हवी तर सोबत द्यावी. चित्राखाली दोन ओळींत त्याचे वर्णन लिहावे. अर्जातल्या प्रत्येक रिकाम्या चौकटीला तिचे नाव जोडावे, म्हणजे 'येथे काय लिहायचे' हे ऐकणाऱ्याला कळेल. अक्षर आणि पार्श्वभूमी ह्यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक ठेवावे. जिल्हाधिकाऱ्यांच्या चित्रफितीखाली बोललेले शब्द अक्षरांत द्यावेत, म्हणजे बहिरा माणूसही सभेत बसला असे होईल. वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती कानांनी देण्याचीही सोय असावी. ह्यांतल्या बहुतेक कामांना नवे यंत्र लागत नाही. लागते ती कारकुनाला चार दिवस दिलेली शिकवण आणि वरिष्ठाने टाकलेली एक नजर. २०२५ च्या आरंभी राज्य सरकारने कचेऱ्यांना शंभर दिवसांचा जो कार्यक्रम दिला, त्यात संकेतस्थळ सुधारण्याचा मुद्दा होताच. सुधारणेची कसोटी मात्र पान किती देखणे झाले ही नसावी. जिल्ह्यातल्या एखाद्या अंध पदवीधराला मानधन देऊन बोलवावे, त्याच्यापुढे ते पान ठेवावे आणि एक अर्ज त्याला कोणाच्या मदतीशिवाय भरता येतो का ते पाहावे. त्याला जमले तर पान पास, नाहीतर नापास.

ह्या सुधारणेचा लाभ केवळ अंधांना होईल असेही नाही. अक्षरांची नोटीस शोधली की सापडते, चित्राची सापडत नाही. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुने कागद एका नावाने, नवे दुसऱ्या नावाने. ते अक्षरांत असतील तरच पुढचा अभ्यासक दोन्ही शोधू शकेल. ज्याला वाचता येत नाही अशा शेतमजुराच्या हातातला फोन ती नोटीस त्याला वाचून दाखवील. उन्हात, बांधावर उभे राहून बारीक अक्षर न दिसणाऱ्या शेतकऱ्याला ती मोठी करता येईल. उतारावरून चाकाची खुर्ची जाते, तशीच बाळाची गाडी आणि म्हातारीची काठीही जाते.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती ज्ञान मूठभरांच्या ग्रंथांतून चौकात यावे म्हणून. ज्ञानाला आवाज दिला की ते पसरते, हे त्यांनी जाणले होते. राज्याच्या शब्दालाही आज तसाच आवाज देण्याची वेळ आली आहे. एके काळी हलगीवाला वेशीपासून वेशीपर्यंत जाई आणि आंधळ्याच्या दारातही तितक्याच मोठ्याने बोले. त्याच्या हुकमाची लेखी खूण राहत नसे, एवढीच उणीव होती. आता आवाज आणि खूण ही दोन्ही एकाच पानात ठेवण्याची विद्या आपल्या हाती आली आहे. तेव्हा पुढच्या वेळी नगरपरिषदेची किंवा जिल्हा परिषदेची एखादी नोटीस तुमच्या पाहण्यात आली, तर फोनला ती वाचून दाखवायला सांगा. फोन बोलला तर ठीक. तो गप्प राहिला, तर त्या कचेरीला एक साधे पत्र लिहा आणि ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत तो प्रश्न उभा करा. भाषेचे कुलूप ह्या जिल्ह्याने एकदा काढले आहे. हे दुसरे त्याहून पुष्कळ लहान आहे आणि त्याची किल्ली आपल्याच कचेरीतल्या टेबलावर पडली आहे.